परक्या गावातला मास्तर

शिर्डीत प्रसादाच्या दुकानावर बसणाऱ्या पोराला तेलुगू शिकवायला कोणी शिक्षक नेमलेला नसतो. समोरचे गिऱ्हाईक 'एंत?' म्हणून विचारते. पोरगा दोन दिवस नुसता हसतो आणि तिसऱ्या दिवशी पेढ्याचा भाव तेलुगूत सांगतो. पुढे तमिळचे चार शब्द, थोडी गुजराती, लॉजच्या दारात उभे राहून बोलायची हिंदी. घरात मराठी, मोहल्ल्यात दखनी उर्दू. गावाचे पोट भाविकांवर चालते, त्यामुळे भाषा शिकायला इथे वर्ग लागत नाही, रस्ता पुरतो.

तरीही राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यातली कितीतरी मुले-मुली इंग्रजी विषय घेऊन बी.ए., बी.एड. होतात आणि भाषांची ही सगळी श्रीमंती घेऊन घरी बसतात. टीईटी झालेली असते, पवित्र पोर्टलवर नाव नोंदवलेले असते, भरतीची वाट पाहणे चालू असते. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचे किंवा एखाद्या खासगी इंग्रजी शाळेत लाजवाब इंग्रजी बोलून लाजिरवाणा पगार घ्यायचा. अशा घरांत बाहेरदेशच्या नोकरीचा विषय निघतो. आखात तर मुसलमान घरांना जुनेच ओळखीचे. पण शिक्षकाच्या नोकरीसाठी अलीकडे कोरियाचेही नाव घेतले जाते, आणि मग घरातल्या म्हाताऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. तिथे मशीद आहे का? खायचे काय? रमजान कसा जायचा?

या प्रश्नांना उत्तरे आहेत. पण त्याआधी एक व्यवहाराची गोष्ट सांगितलेली बरी, कारण ती न कळल्यामुळे माणसे पैसे बुडवून बसतात. दक्षिण कोरियात लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी माणसाला 'ई-टू' नावाचा व्हिसा लागतो. तो प्रामुख्याने सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी दार किलकिले झाले ते भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारामुळे. ७ ऑगस्ट २००९ ला त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. त्यानुसार पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता असलेला भारतीय शिक्षक तिथल्या शाळेत इंग्रजीचा साहाय्यक शिक्षक होऊ शकतो. दार उघडले, पण अर्धेच. गल्लोगल्ली असणारे खासगी इंग्रजी क्लास, ज्यांना तिथे 'हाग्वॉन' म्हणतात, त्यांची वाट या करारात नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर हाग्वॉनची नोकरी लावून देतो म्हणून कोणी एजंट आगाऊ रक्कम मागू लागला, तर चहा पाजून त्याला वाटेला लावावे. आमच्याकडे बी.एड.ची पदवी लग्नाच्या बायोडेटापुरती उरली आहे असे जे म्हणतात, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की या अर्ध्या दाराची किल्ली नेमकी तीच पदवी आहे.

कोरियाला इंग्रजीचे वेड किती, हे समजायला एक उदाहरण पुरते. नोव्हेंबरमध्ये तिथे विद्यापीठ प्रवेशाची मोठी परीक्षा होते. त्यातला इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असतो तेव्हा मुलांना नीट ऐकू यावे म्हणून देशभर विमानांचे उतरणे-उडणे थांबवले जाते. १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच शाळेत इंग्रजी आहे. म्हणजे नवा मास्तर ज्या वर्गात उभा राहील, तिथली नऊ-दहा वर्षांची पोरे शाळा सुटल्यावर पुन्हा क्लासला पळणारी असतील. आपल्याकडच्या कोटा-लातूरची सावली त्यांच्यावर जरा लवकर पडलेली असते एवढेच.

अशा वर्गात शिर्डीकडचा मास्तर अगदीच उघडा पडेल का? वरवर वाटते तितका नाही. कोरियन वाक्याची ठेवण मराठीसारखी आहे. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. नामाला मागून प्रत्यय लागतात. बोलताना समोरचा वडीलधारा की बरोबरीचा, हे क्रियापदातूनच कळते. आपले 'बस' आणि 'बसा' जसे. वाक्याच्या शेवटी 'यो' आला की बोलणे अदबीचे झाले. इंग्रजी मायबोली असलेल्या माणसाला हे सगळे नव्याने डोक्यात भरावे लागते. मराठी माणसाला फक्त शब्द बदलावे लागतात. लिपीचेही तसेच. राजा सेजोंगने सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावे म्हणून करवून घेतलेली आणि १४४६ मध्ये लोकांपुढे ठेवलेली हांगुल लिपी मन लावले तर चार-आठ दिवसांत वाचता येते.

उच्चारांची गंमत तर आणखी मोठी. कोरियन भाषेत 'फ' हा ओठ-दातांचा उच्चार नाही आणि 'झ'चा घोळदार उच्चारही नाही. कॉफीचे 'कोपी' होते, पिझ्झाचे 'पिजा'. र आणि ल यांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे 'राईस' आणि 'लाईस' यात मुलांची जीभ अडखळते आणि वर्गात खसखस पिकते. लहानपणी कुराण वाचताना 'ज़े', 'ज़ाल', 'ज़्वाद' यांतला फरक जिभेवर यावा म्हणून ज्याने मौलवीसाहेबांच्या हातून कान पिळून घेतला आहे, त्याला ही अडचण पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. आणि उर्दू घरातून मराठी शाळेत गेलेल्या मुलाला तर ती जास्तच ठाऊक असते. 'शाळा' म्हणायला जावे आणि तोंडातून 'शाला' निघावे, मागच्या बाकावरून हसू यावे, आणि मग घरी आरशासमोर उभे राहून 'ळ, ळ, ळ' करीत जीभ टाळ्याला लावावी. ज्याने 'ळ'साठी घाम गाळला आहे, तो दुसऱ्याच्या 'र'वर हसत नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्याकडे उच्चार असतो. हा अनुभव मात्र बहुतेकांकडे नसतो.

बाकी रुळायला वेळ लागतो तो बारीकसारीक गोष्टींना. शाळेत शिरताना बूट काढून आतल्या सपाता घालायच्या. वडीलधाऱ्याकडून काही घेताना-देताना दोन्ही हात पुढे करायचे, किंचित वाकायचे. शिक्षकाला नावाने कोणी हाक मारत नाही. 'सॉन्सेंग्निम' म्हणतात, आपल्या 'गुरुजी'सारखे. मुले पहिल्याच तासाला वय विचारतात. त्यात आगाऊपणा नसतो, वय कळल्याशिवाय बोलायचे कसे हेच ठरत नाही. आणि वह्या तपासताना लाल पेन हातात घेणाऱ्या आपल्या मास्तरांसाठी एक खास सूचना : मुलाचे नाव लाल शाईने लिहू नये. जिवंत माणसाचे नाव लाल अक्षरात लिहिणे तिथे अशुभ मानतात. कौतुकाने लिहिलेल्या नावामुळे एखादे पोर रडवेले झाले, तर मास्तरला कारणही कळणार नाही.

मोठी कसोटी जेवणाच्या सुट्टीत. कोरियातल्या शाळांत दुपारचे जेवण शाळेतच असते. स्टीलच्या खणाच्या ताटात भात, सूप, किमची, एखादी भाजी, मासळी किंवा मटण, आणि शिक्षकही मुलांबरोबर बसून जेवतात. त्या समाजात एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून बसणे ही ओळखीची पहिली पायरी आहे. नेमके कोरियातले शाळेचे वर्ष मार्चच्या आरंभी सुरू होते, आणि सध्या रमजानही त्याच सुमारास येतो. २०२५ मध्ये तो मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला लागला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे नोकरीचा पहिला आठवडा आणि रोजे एकाच वेळी. शाळेतली नवी माणसे आग्रहाने जेवायला बोलावणार आणि पाहुणा ताटाला हात लावणार नाही.

रोजा स्वतः अवघड नाही. मार्चमध्ये सोलच्या आसपास सहेरी ते इफ्तार साधारण तेरा तास, आपल्याइतकेच, आणि हवा गार. अवघड असते ते 'नाही' म्हणणे. न सांगता गप्प बसले तर आमचे अन्न याला चालत नाही असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ वर्षभर चिकटून राहतो. म्हणून पहिल्याच दिवशी सोबतच्या कोरियन शिक्षकाला सांगून टाकावे, आणि सुट्टीत मुलांजवळ जाऊन बसावे, रिकाम्या हाताने का होईना. पाणीसुद्धा नाही? सुद्धा नाही. का? या 'का'चे उत्तर तुटक्या कोरियनमध्ये आणि सोप्या इंग्रजीत देता देता जो तास होतो, तो कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या तासापेक्षा चांगला होण्याची शक्यता जास्त.

रमजान संपल्यावरचा प्रश्न वेगळा. 'द्वेजीगोगी' म्हणजे डुकराचे मांस, हा शब्द हांगुलमध्ये वाचता येणे ही मुसलमान शिक्षकाची पहिली गरज, कारण तो सूपात आणि शेवयांच्या मसाल्यातही निघतो. पण भात, अंडी, मासळी, समुद्रशेवाळाचे पापुद्रे यांवर त्याचे निभावते. खरे हाल माळकऱ्याचे. माशाच्या अर्काशिवाय किमची सहसा होत नाही, आणि 'मांस नाही' असे सांगितल्यावर बारीक तुकडे घातलेले सूप प्रेमाने पुढे येते. वारकरी घरातल्या मुलीने डब्याची सवय सोडू नये हे उत्तम. संध्याकाळी सहकाऱ्यांच्या सामुदायिक जेवणात दारूचा प्याला फिरतो. तो नम्रपणे नाकारणाऱ्यांत हा माळकरी आणि तो रोजेदार शेजारी शेजारी बसलेले सापडतील.

आणि मशीद? आहे. सोलच्या इतेवन भागात टेकडीवर मोठी मशीद १९७६ पासून उभी आहे. जमीन कोरियन सरकारने दिली. तिथला आजचा मुस्लिम समाज उभा राहिला तो १९५०-५३ च्या युद्धानंतर. त्या युद्धात तुर्कस्तानची तुकडी लढायला आली होती, तिच्याबरोबर इमाम होते, आणि त्यांच्या संगतीत काही कोरियन माणसे मुसलमान झाली. त्याच युद्धाच्या शेवटी, मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारताने आपले सैनिक पाठवले होते. त्यांचे नेतृत्व मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते, म्हणजे कोल्हापूरकडच्या मराठी माणसाकडे. कोरिया आपल्याला वाटतो तितका लांब नाही.

युद्धकैद्यांवरून रमजानचीच एक जुनी गोष्ट निघते.

कुराणाचा आरंभ रमजानमध्ये झाला आणि उतरलेला पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच', हे आता बिगरमुस्लिम वाचकांनाही ठाऊक आहे. दरवर्षी या दिवसांत ते सांगितले जाते. त्या मानाने कमी सांगितले जाते ते असे, की वाचायला शिकवणारी माणसे कुठून आली. हिजरी सन २ मधला रमजान, इसवी सन ६२४. सतराव्या रोजाच्या दिवशी बद्रची लढाई झाली. मक्केच्या कुरैश सैन्याचा पराभव झाला आणि सुमारे सत्तर कैदी मदिनेला आणले गेले. श्रीमंतांनी खंडणी भरून सुटका करून घेतली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता पण लिहिता येत होते, त्यांच्यासाठी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी वेगळा दर ठरवला. प्रत्येकाने मदिनेतल्या दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मोकळे व्हावे.

जरा विचार करून पाहिला तर हा निर्णय साधा नव्हता. काल तलवार घेऊन आलेला माणूस आज आपल्या पोराच्या समोर पाटी घेऊन बसणार. हदीस संग्रहांत याच प्रसंगाची एक बारीकशी हकीकत आहे. एक मुलगा रडत घरी आला. मास्तरने मारले म्हणाला. बापाचा पारा चढला : हा बद्रचा सूड उगवतो आहे, पुन्हा त्याच्याकडे पाऊल टाकायचे नाही! चौदाशे वर्षांपूर्वीची ही पालकांची तक्रार वाचताना आजच्या कुठल्याही शाळेचे मुख्याध्यापक कपाळाला हात लावतील. परक्या माणसाच्या हाती मूल सोपवताना बापाच्या पोटात जो गोळा येतो, तो मदिनेतही आला होता. तरी शिकवणे चालू राहिले. याच कैद्यांकडून लिहायला शिकलेल्यांत मदिनेचा झैद बिन साबित हा मुलगा होता असे इतिहासकार सांगतात. पुढे प्रेषितांच्या सांगण्यावरून त्याने यहुद्यांची लिपी पंधरवड्यात आत्मसात केली, आणि आणखी पुढे, खलिफा अबू बक्र यांच्या काळात, कुराण एकत्र लिहून काढण्याचे काम त्याच्यावर सोपवले गेले. आज रात्री तरावीहच्या नमाजमध्ये जे वाचले जाईल, त्याच्या लेखी प्रतीमागे शत्रूच्या शिकवणीला गेलेल्या एका पोराचा हात आहे.

त्याच्याही आधी, मदिनेला अजून यसरिब म्हणत होते तेव्हा, मक्केहून एक तरुण मास्तर तिथे पाठवला गेला होता. मुसअब बिन उमैर. मक्केतल्या श्रीमंत घरातला, उंची कपडे आणि अत्तर यांसाठी प्रसिद्ध. नवा धर्म स्वीकारल्यावर घर तुटले आणि अत्तरही. इसवी सन ६२१ मध्ये तो यसरिबला आला तो कुराण शिकवायला. आपले असे कोणी तिथे नव्हते. असद बिन जुरारा नावाच्या गृहस्थाने त्याला आपल्या घरी उतरवून घेतले. एकदा बागेत शिकवणे चालू असताना तिथल्या कबिल्याचा एक सरदार, उसैद बिन हुजैर, भाला घेऊन अंगावर आला. आमच्या भोळ्या माणसांना बहकवायला आलास काय, निघ इथून. मुसअब भांडला नाही, पळालाही नाही. त्याने बसायला सांगितले. ऐकून तर घ्या, पटले तर ठीक, नाही पटले तर आम्ही उठून जातो. उसैदला हे रास्त वाटले. त्याने भाला जमिनीत रोवला आणि तो बसला.

या प्रसंगाचा शेवट मुसलमान घरांत सगळ्यांना ठाऊक असतो, उसैद पुढे मोठा सहाबी झाला. पण शिकवणाऱ्या माणसाने खरे तर तो भाला रोवण्याचा क्षण पाहावा. मास्तरने त्या क्षणापर्यंत काहीच शिकवलेले नाही. त्याने फक्त समोरच्याला उठून जायला सांगण्याचा हक्क दिला, आणि त्यामुळेच समोरचा बसला. चार वर्षांनी उहुदच्या लढाईत मुसअब मारला गेला. अंगावर एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. शेवटी डोक्यावर चादर ओढली आणि पायांवर गवत घातले. एके काळी ज्याच्या कपड्यांची मक्केत चर्चा होई, त्याची ही गोष्ट.

आता आपल्या जिल्ह्यात यायला हरकत नाही. कारण कोरियाला जाणाऱ्या मास्तरची गोष्ट उलट्या दिशेने आपल्याच नगरात घडून गेली आहे.

सिंथिया फरार ही अमेरिकेतली शिक्षिका. जन्म १७९५. अविवाहित बाईला एकटीने परदेशी पाठवणे हे त्या काळात जवळजवळ कोणी करीत नसे. ती मिशनकडून १८२७ मध्ये निघाली आणि वर्षअखेरीस मुंबईला पोहोचली. बत्तीस वर्षांची. इंग्रजी मायबोली, पण त्या इंग्रजीचा इथे फारसा उपयोग नव्हता. मुलींना शिकवायचे ते त्यांच्या भाषेत, म्हणून आधी बाई मराठीच्या विद्यार्थिनी झाल्या. मुंबईतल्या मुलींच्या शाळांची देखरेख त्यांनी केली. मग प्रकृती ढासळली म्हणून मायदेशी गेल्या, आणि १८३९ मध्ये परत आल्या त्या अहमदनगरला. १८६२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पोरगी शाळेत घातली तर बाटेल, ही आई-बापांची भीती निराधार नव्हती. बद्रच्या कैद्याकडे मूल पाठवणाऱ्या बापाच्या पोटातला गोळा तो हाच. तरी थोड्याफार मुली आल्या आणि शिकल्या. १८४८ च्या सुमारास पुण्याचा एक तरुण, नगरला असलेल्या आपल्या मित्राबरोबर, सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर, त्या शाळा पाहायला आला. त्याचे नाव जोतीराव फुले. परत जाऊन त्याने काय केले ते महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते याच फरारबाईंकडे, नगरला. आणि सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात, त्यांच्या गैरहजेरीत काम सांभाळणारी म्हणून, फातिमाचे नाव येते. मिशनला हवे होते ते किती साधले याचा हिशेब मिशनने ठेवावा. नगरच्या शाळेतून पुण्याच्या शाळेत जे गेले, ते मिशनच्या हिशेबात बसणारे नव्हते. शिकवणारा पाटीवर लिहितो ते एक असते आणि मुले घरी घेऊन जातात ते दुसरेच. कोरियाला निघालेल्यानेही हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि खुद्द शिर्डीत?

शिर्डीतही एक मास्तर होते. माधवराव बळवंत देशपांडे. मूळचे निमोणचे, पण लहानपणीच कुटुंब शिर्डीला आले. साईभक्त त्यांना शामा म्हणून ओळखतात. हे नाव बाबांनी दिलेले. पण भक्त होण्याआधी ते गावच्या शाळेत साहाय्यक शिक्षक होते. शाळा मशिदीला लागून होती, मधे एक भिंत आणि तिला खिडकी. मुलांना पाढे घालून दिले की मास्तरची नजर खिडकीतून पलीकडे जाई. पलीकडे पडकी मशीद, आणि तीत एकटा राहणारा एक फकीर. गाव त्याला वेडा समजे. मास्तरही त्याला काही मानत नसत, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे.

मग रात्री कानावर काही पडू लागले. मशिदीत तर एकच माणूस, पण भिंतीपलीकडून हिंदी ऐकू येई, इंग्रजी ऐकू येई, आणखीही कुठकुठल्या भाषा. शामांचे लक्ष त्या माणसाकडे वळले ते तिथून. याला चमत्कार म्हणायचे की नाही, ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. इथे एवढेच पाहण्यासारखे आहे की शामा परक्या गावी गेले नव्हते. नोकरी गावातच होती, घरही गावातच. तरी परका मुलूख त्यांच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे होता, चार पावलांवर, आणि तो माहीत व्हायला बरेच दिवस लागले. शेजारी नमाज पढणारा माणूस कोण आहे, हे मास्तरने रोज पाहिले होते, पण ऐकले नव्हते. पुढे ती नोकरी सुटली. शामा मात्र बाबांच्या अगदी जवळच्या माणसांत गणले गेले, ते शेवटपर्यंत.

त्याच मशिदीत पुढे एक वेगळीच शाळा भरली. १८८९ च्या सुमारास अब्दुल नावाचा तरुण नांदेडकडून शिर्डीला आला. तोही परक्या गावात आलेला, विशीतला. काम दिवाबत्तीचे, झाडलोटीचे, पाणी भरण्याचे. बाबा त्याला जवळ बसवून कुराण वाचायला लावीत आणि मधूनमधून त्यावर काही बोलत. अब्दुल ते ऐकून एका वहीत उर्दूत टिपून ठेवी. बाबांचे निर्वाण १९१८ मध्ये, दसऱ्याच्या दिवशी झाले. अब्दुलबाबा शिर्डीतच राहिले, समाधीची सेवा करीत राहिले आणि १९५४ मध्ये वारले. वही मागे उरली. १९९९ मध्ये मॅरियन वॉरन यांच्या पुस्तकात ती इंग्रजीत छापून आली.